धक्क्यावरचे घंटावाले अप्पा

अप्पांनी चौतीस वर्षं नदीच्या धक्क्यावर घंटा वाजवली. हिवाळ्यात धुकं उतरलं की समोरचा काठ सोडाच, स्वतःचा हातसुद्धा दिसत नसे. पलीकडून निघालेल्या बोटीला धक्का सापडावा म्हणून हे गृहस्थ पहाटेपासून ऊन वर येईपर्यंत दोरी ओढत उभे. डोक्याला कानटोपी, मिशांवर दव.

बायकोही त्यांना धुक्यानंच दिली. ती पलीकडून अलीकडच्या गिरणीत कामाला यायची. एकदा बोट तासभर भरकटली. उतरल्या उतरल्या ती अप्पांवरच खेकसली, "जरा जोर लावून वाजवायला काय होतं? उपाशी आहात का?" दुसऱ्या दिवसापासून अप्पांनी अशी काही घंटा बडवली की अख्खा धक्का वैतागला. वर्षाच्या आत लग्न झालं.

बऱ्याच वर्षांनी ती वारली, त्याच सुमारास धुकंही विरळ होत गेलं. आधी महिना-दीड महिना असायचं, मग आठवडाभर, मग दोन-चार सकाळी. अप्पा निवृत्त झाले त्या हिवाळ्यात घंटा एकदाही वाजली नाही. बोटी वेळेवर सुटायला लागल्या, लोक खूश झाले. अप्पांच्या जागी कुणाला नेमलंच नाही.

"दोन-तीन वर्षं होतं असं. येईल परत," अप्पा म्हणायचे.

त्यांची मुलगी शाळेत विज्ञान शिकवायची. एकदा तिनं सांगूनच टाकलं, "नाही हो अप्पा. थंडीच राहिली नाही पूर्वीसारखी. सगळीकडेच उष्णता वाढतेय. आता तसं धुकं येणं कठीण आहे."

अप्पा चहा तसाच टाकून उठले. माणूस गेलं तर चार लोक भेटायला येतात. धुकं गेल्याचं दुःख सांगायचं कुणाला?

मुलीनं ते ओळखलं. एका गुरुवारी ती त्यांना वर्गात घेऊन गेली. अप्पा धुक्याबद्दल रंगात येऊन बोलले. मग एका विद्यार्थिनीनं विचारलं, "आजोबा, धुक्याला वास असायचा का?"

"असायचा ना! म्हणजे ओल्या दोरखंडाचा... नाही, तसा नाही..." अप्पा अडखळले. "आठवत नाही गं नीट."

मागच्या बाकावरून त्यांची मुलगी हळूच म्हणाली, "आई कामावरून आली की तिच्या शालीला यायचा, तसा."

अप्पा तीस मुलांसमोर ढसाढसा रडले. एकही मूल हसलं नाही.

घरी जाताना मुलीनं विचारलं, "पुढच्या गुरुवारी सातवीचा वर्ग आहे. याल?"

"बघू," अप्पा म्हणाले. बुधवारी दुपारीच त्यांनी शर्टाला इस्त्री केली.