घरामागचा ओक

ड्रायव्हरकाकांनी जन्मभर बस चालवली. जळणाचं खातं बायकोकडे. एकदा हौसेने त्यांनी लाकडं आणली, ती दोन दिवस नुसती धुमसत राहिली. "तुम्ही आपले रस्ते ओळखा, झाडं मी ओळखते," काकू म्हणाल्या, आणि काकांनी त्या भानगडीतून आनंदाने अंग काढून घेतलं.

या उन्हाळ्यात काकू गेल्या आणि घर खायला उठलं. बाहेर पडताना काका अजूनही दारातून "येतो गं" म्हणत आणि उत्तरासाठी क्षणभर थांबत. त्यात लेकीने फोनवर बजावलेलं, "बाबा, थंडी पडली की मी येते. चूल नीट पेटलेली दिसली तर राहा तिथेच. नाहीतर मुकाट्याने माझ्याकडे यायचं." काकांना हे घर सोडायचं नव्हतं. काकूंचं जे काही उरलं होतं, ते इथेच होतं.

जळणाला ओक चांगला, एवढं ते ऐकून होते. सालीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ओकचं टोपीवालं टणक फळ माहीत होतं. घराखालच्या उताराच्या पायथ्याशी त्या फळांचा खच पडलेला. काकांनी तिथलीच दोन झाडं पाडली. चुलीत घातल्यावर मात्र खोलीभर धूर झाला.

शेजारचा सुतार हसू दाबत म्हणाला, "काका, हा ओक नव्हे, पॉप्लर आहे. साल बघा, किती गुळगुळीत. ओकची खरखरीत असते, उभ्या भेगांची."

"मग ही फळं?"

"घरंगळत आलीत. झाड वर कुठेतरी असणार."

काका फळांच्या मागावर उतार चढू लागले. वाटेतल्या प्रत्येक खोडावर त्यांनी हात फिरवला. शेवटी पोहोचले ते स्वतःच्याच मागच्या दाराशी. तिथल्या जुन्या झाडाच्या भेगांत त्यांची बोटं रुतली. हात खाली सरकला आणि एकदम साल संपली. कमरेच्याही खाली, खोडाभोवती, वीतभर रुंदीचा पट्टा सोलून काढलेला होता. त्याच्या कडा आता काळ्या पडल्या होत्या.

"असं केलं की झाड उभ्या उभ्या वाळतं, थंडीपर्यंत जळणाला तयार," मागून आलेला सुतार म्हणाला. "वाळता वाळता फळंही भरपूर देतं. हिवाळा सरताना केलेलं दिसतंय. कुणी केलं?"

हिवाळा सरताना काकूंना मागच्या दारापलीकडे चालवत नव्हतं. तरी दुपारी त्या स्टूल घेऊन तिथे जाऊन बसत. काय करतेस म्हटलं, तर म्हणत, "ऊन खाते." काकांना तेव्हा बरं वाटायचं, बाई जरा मोकळ्या हवेत बसते म्हणून.

ते झाडाला टेकून बसले आणि सुतारासमोरच रडले.

लेक आली तेव्हा चूल लालबुंद होती. "बाबा, झाड तुम्ही ओळखलंत?"

"तुझ्या आईने," काका म्हणाले. "आपण जाणार हे तिला कळलं होतं गं. मला म्हणाली, ऊन खाते."

दोन दिवसांनी लेक एकटीच परत गेली. तिला बसमध्ये बसवून काका घरी आले, दारातच "आलो गं" म्हणाले, आणि उत्तरासाठी न थांबता चुलीत नवा ओंडका सरकवला.