वहीतला दूधराज

तेव्हा मी तरुण होते. बासष्ट वर्षांची. शाळेतून नुकतीच रिटायर झाले होते, दोन्ही गुडघे स्वतःचे होते आणि आपल्याला सगळं येतं असा पक्का समज होता. अशा वयात बायका काहीबाही करून बसतात. मी पक्षी बघायला जाऊ लागले.

पक्ष्यांसाठी नव्हे, हे आधीच सांगून टाकते. नातीसाठी. नात पुण्याला असते. त्या वर्षी ती आठ वर्षांची होती आणि मेचा पूर्ण महिना आमच्याकडे राहायला म्हणून आली होती. आठव्या दिवशी वापस गेली. भांडण नाही, ताप नाही. माझ्या मुलाला फोनवर एवढंच म्हणाली, "बाबा, उज्जैनला दुपार फार मोठी असते." मुलगा आला, घेऊन गेला.

तिकडे तिची दुसरी आजी, म्हणजे आमच्या विहीणबाई, पोहायला जातात, मातीची भांडी करतात, नातीला घेऊन टेकड्या चढतात. माझ्याकडे काय होतं? पत्ते, कैरीचं पन्हं आणि बत्तीस वर्षं भूगोल शिकवल्याचा अनुभव. मुलीला नदीखोऱ्यांत रस नव्हता. पुढच्या मेमध्ये ही पोर महिनाभर इथे राहिली पाहिजे, असं मी मनाशी ठरवलं.

त्याच आठवड्यात टावर चौकातल्या एका दुकानाच्या काचेवर कागद दिसला. उन्हाळाभर दर रविवारी पक्षी बघायची सहल, सकाळी साडेपाचला इथूनच गाडी, नाश्ता धरून. मी लगेच नाव दिलं आणि एक खाकी टोपी विकत घेतली. घरी आमच्या यांनी टोपीकडे पाहिलं आणि विचारलं, "वनखात्यात लागलीस का?"

टोपी खाकी होती खरी, पण पहिल्या रविवारी तिच्याखाली मी पिवळी साडी नेसून गेले आणि हातात डझनभर बांगड्या. आम्हाला नेणारे सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. सदैव कुजबुजत बोलायचे, पोह्यांवर सेव मागतानासुद्धा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे पाहिलं, आणि कुजबुजले, "मैडमजी, अगली बार ज़रा सूखे पत्तों जैसा कुछ पहनिए।"

गाडी देवास रोडच्या पुढे एका तलावाशी थांबली. सगळ्यांनी दुर्बिणी काढल्या, मीही आमच्या यांची काढली. सर म्हणाले, "दो बजे पर देखिए, बबूल की डाल।" मी घड्याळ पाहिलं. सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. दोन वाजेपर्यंत इथे थांबायचं असेल तर डबा आणायला हवा होता, असा विचार मी करत होते, तोवर बाकीचे "वाह, वाह" करून मोकळे झाले. झाडाला घड्याळ समजून काट्याची दिशा सांगतात, हे मला तिसऱ्या रविवारी कळलं.

दिशा कळूनही फरक पडला नाही. दुर्बिणीतून मला दोन काळे गोल दिसायचे आणि त्यांत माझ्याच पापण्या. सर हळूच जवळ येऊन विचारायचे, "दिखा?" आणि मी म्हणायचे, "दिखा।"

बत्तीस वर्षं मी वर्गाला "समजलं का?" विचारत आले आणि वर्ग एका सुरात "हो" म्हणत आला. त्या "हो"मध्ये किती पाणी असतं हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? पण शेजारी वीजमंडळातून रिटायर झालेले इंजिनियरसाहेब "अरे, क्या रंग है" म्हणत असताना आपण एकटीनंच "नाही दिसला" म्हणणं मला जमलं नाही. सर जे नाव सांगतील ते मी वहीत लिहून घेई. चार रविवारांत माझ्या वहीत एकेचाळीस पक्षी जमले. त्यांत स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलेलेही धरले होते, ते मात्र खरे होते.

शेवटच्या रविवारी सरांनी आम्हाला एका नाल्याकाठच्या आमराईत नेलं. तिथे बांबूचं बेट होतं. सर एकदम थांबले आणि हात वर केला. "दूधराज। अपने मध्यप्रदेश का राज्य-पक्षी। नर है, पूरा सफ़ेद।" बारा दुर्बिणी वर गेल्या. बारा जणांनी श्वास रोखला. मला बांबू दिसला. खूप बांबू दिसला.

"दिखा, मैडमजी?"

"दिखा। क्या पूँछ है।"

शेपटी मी सरांनी वाटलेल्या कागदावरच्या चित्रात पाहिली होती.

संध्याकाळी नातीला व्हिडिओ कॉल लावला.

"कसा होता गं?"

"पांढराशुभ्र. डोकं काळं, त्यावर तुरा. शेपटीला हातभर लांब दोन फिती."

"मग?"

"मग उडाला."

ती गप्प. मला वाटलं, एवढ्यानं काही मे महिना निघणार नाही. म्हणून म्हटलं, "उडताना त्यानं वळून माझ्याकडे पाहिलं."

"तुझ्याकडेच?"

"माझ्याकडेच."

तिनं कुठलंसं पुस्तक उघडलं आणि म्हणाली, "आजी, मराठीत त्याला स्वर्गीय नर्तक म्हणतात." इकडे पेपरामागून हे म्हणाले, "स्वर्गीय का? मग मलाही दिसेल पुढेमागे." नातीनं आजोबांकडे लक्ष दिलं नाही. ती म्हणाली, "पुढच्या वर्षी मला दाखवशील?"

"दाखवीन की," मी म्हटलं. इतक्या सहज म्हटलं, जसं काही तो आमच्या माधव नगरातच भाड्यानं राहतो.

पुढच्या मेमध्ये ती आली. बरोबर कोरी वही आणि पक्ष्यांच्या चित्रांचं जाड पुस्तक, विहीणबाईंनी घेऊन दिलेलं. विहीणबाई फार सज्जन आहेत. मला त्याचा त्रास होतो. परतीचं तिकीट काढलेलं नव्हतं. मुलगा जाताना म्हणाला, "आई, कंटाळली की फोन कर, मी येईन." कंटाळली तर, असं नाही म्हणाला.

दुसऱ्याच दुपारी, कूलरसमोर पालथं पडून, तिनं माझी वही वाचायला घेतली.

"आजी, महोख कोणता?"

"असतो एक. काळा, तपकिरी पंखांचा."

"म्हणजे भारद्वाज?"

"छे. भारद्वाज निराळा. तो आपल्या मागच्या लिंबावर येतो."

तिनं पुस्तक उघडलं, मग आजोबांचा फोन घेतला, मग दोन्ही माझ्यासमोर धरले. तोच पक्षी. तेच लाल डोळे. "आणि टिटहरी आणि टिटवी पण तू दोन लिहिल्यायस."

आमच्याकडे घरात मराठी, दारात हिंदी, हे सात पिढ्या चालू आहे. कोणाचं काही अडलं नाही. खिडकीतून दिसलेला पक्षी मी आईनं शिकवलेल्या नावानं लिहिला आणि सरांनी सांगितलेला सरांच्या नावानं. समोर बसलेला दिसला असता तर दोन्ही एकच हे कळलं असतं. दिसलाच नव्हता. असे सात पक्षी माझ्याकडे दोन-दोनदा येऊन गेले होते.

"तू दोन्ही वेळा पाहिलास ना? मग तुला कसं नाही कळलं?"

"लांबून होता," मी म्हटलं.

तिनं पेन्सिलीनं सात नावं खोडली, पण अगदी हलक्या हातानं, पुसता येतील अशी. "चौतीस पण चांगलेच आहेत, आजी," म्हणाली. मला खोडल्याचं काही वाटलं नाही. समजूत घातल्याचं वाटलं. हे पेपरामागे होते. पेपर बराच वेळ उलटला गेला नाही.

रविवारी आम्ही दोघी टावर चौकात सव्वापाचलाच हजर. मी सुक्या पानांच्या रंगाच्या पंजाबी ड्रेसमध्ये, ती विहीणबाईंनी घेतलेल्या हिरव्या टोपीत. इंजिनियरसाहेबांनी तिला विचारलं, "बेटा, क्या देखने आई हो?" ती म्हणाली, "दूधराज. आजीने पिछले साल देखा था. उसने आजी को मुड़के देखा था." इंजिनियरसाहेब माझ्याकडे जरा आदरानं पाहू लागले.

त्या वर्षी सरांना त्याच आमराईत दूधराजाचं घरटं सापडलं होतं. गाडीतच त्यांनी नियम सांगितले. घरट्याजवळ जायचं नाही, लांबूनच बघायचं, आवाज नाही, सगळी मिळून पाच मिनिटं. जास्त थांबलं तर पक्षी बिथरतात, कधी अंडी टाकूनही जातात.

नाल्याकाठी पोचलो. सरांनी बोट दाखवलं. "दस बजे पर। आम की झुकी हुई डाल।" मी दुर्बीण नातीच्या हातात दिली. तिनं ती डोळ्यांना लावली. डावीकडे नेली, वर नेली, खाली आणली. इतरांचे श्वास रोखले गेले. तिनं एक डोळा मिटला, मग दुसरा. मग माझ्याकडे पाहिलं. मी अशी उभी होते, जसे काही या मुलीच्या सुट्टीचे सगळे दिवस त्या फांदीवर बसले आहेत. जसे काही कसले, बसलेच होते ते.

सर वाकून कुजबुजले, "दिखा, बेटा?"

ती जरा थांबली. "दिखा।"

तो माझा आवाज होता. सूरसुद्धा तोच. थोडा उशिरा आलेला, थोडा जास्त खणखणीत. आठव्या दिवशी कंटाळा आला तर कंटाळा आला म्हणून मोकळी झालेली मुलगी माझ्यासाठी हे म्हणत होती, आणि ते तिला कोणी शिकवलं होतं हे मला शोधायला जावं लागलं नाही.

पाच मिनिटांतली दोन गेली होती. बोललं तर माझी वही खोटी हे कळून ती पुण्याला जाणार आणि पुन्हा यायची नाही. न बोललं तर राहीलही कदाचित, महिनाभर मला दिसला दिसला म्हणत.

"सर," मी म्हटलं, "इसको नहीं दिखा। और पिछले साल मुझे भी नहीं दिखा था।"

नातीनं दुर्बीण खाली घेतली. मग इंजिनियरसाहेब खाकरले. "वैसे... पत्ते बहुत थे पिछले साल।" मागून एक बाई हळूच म्हणाल्या, "हमको भी बस आवाज़ आई थी।"

सर आमच्या सगळ्यांकडे पाहत राहिले. "बारह लोगों ने हाँ बोला था," ते कुजबुजले. "मैंने रिपोर्ट में बारह लिखा है।"

सरांनी दुर्बीण घेतली, उलटीसुलटी पाहिली आणि मधोमध वाकवली. "इसको बीच से मोड़ते हैं, मैडमजी। जब तक दो गोले एक न हो जाएँ। और चश्मा है तो यह रबर नीचे।" वर्षभर मला दोन गोल दिसत होते. मी समजत होते, डोळे दोन आहेत म्हणून. बत्तीस वर्षं पृथ्वीचे दोन अर्धगोल शिकवलेल्या बाईला त्यात काही खटकलं नाही.

दुर्बीण जमली आणि पाच मिनिटं संपली. सरांनी सगळ्यांना मागे वळवलं. माझ्यासाठी नियम मोडतील असं मला क्षणभर वाटलं. मोडला नाही.

गाडीत ती खिडकीशी बसली. बाहेर बघतच म्हणाली, "तुला कसं कळलं मला नाही दिसला?"

"तू उशिरा हो म्हणालीस."

"मग वळून पाहिलं ते?"

"ते मी घातलं."

"का?"

"तू गप्प बसली होतीस म्हणून."

नाश्त्याचे पोहे-जलेबीही ती नको म्हणाली. घरी येऊन तिनं माझी वही काढली, पेन्सिल नाही, पेन घेतलं आणि माझ्यासमोर बसली. "चिमणी?" पाहिली. "पतरिंगा?" नाही. "साळुंकी?" पाहिली. "शकरखोरा?" मी नुसती मान हलवली. पंधरा उरले. बाकीच्यांवर तिनं अशी रेघ मारली की मागच्या पानावर उमटली. मग आजोबांचा फोन घेऊन गच्चीवर गेली. मी खालून जिन्याशी उभी राहिले. बासष्ट गेलं होतं, त्रेसष्ट लागलं होतं, तरी चोरून ऐकायची सवय सुटली नव्हती.

"बाबा," ती म्हणत होती, "तू आत्ता येऊ नकोस. आजीचे एकोणीस पक्षी बाकी आहेत." मग जरा थांबून, "नाही रे, तिला एकटीला नाही येत."

तिला दूधराज पुढच्याच रविवारी दिसला, पहिल्या मिनिटात. माझं नशीब जूनच्या पहिल्या रविवारी उघडलं, तिच्या शाळेच्या आठवडाभर आधी. दुर्बिणीत एकच गोल होता आणि त्या गोलात झुकलेली फांदी. फांदीवरून काहीतरी पांढरं सुटलं, आणि ते गेल्यावरही त्याची शेपटी जातच राहिली. सर म्हणाले, "दिखा?" मला लगेच बोलता आलं नाही. उशिरा आलेल्या उत्तराचा अर्थ काय होतो हे ठाऊक असूनही.

नात वही उघडून उभी होती. "दिसला?"

"दिसला."

"वळून पाहिलं?"

"नाही."

तिनं दोन्ही लिहून घेतलं.