सात वर्षं सरांच्या लॉगिनवर

मुलाखतीला मी तिसरी उमेदवार होते. तरी चहाचा ट्रे माझ्याच हातात दिला.

"ताई, तुम्ही इथल्याच. तेवढं आत नेऊन द्या," आमचे सचिव सर मुलाखतीच्या खोलीतून दारात येऊन म्हणाले.

मी नेला. आत मुलाखत घेणारे तिघं आणि माझ्याआधीची उमेदवार पोरगी. ती संकोचून उठायला लागली. पुण्याहून आलेल्या विश्वस्त मॅडम म्हणाल्या, "बस गं. त्या ऑफिसातल्याच आहेत."

पाच मिनिटांनी त्याच दारातून मी उमेदवार म्हणून आत गेले. मॅडमनी रिकामे कप माझ्याकडे सरकवले. मी उचलले. सवय.

आमची संस्था लहान. मेहकरात दोन खोल्या, सहा माणसं. भाजीपाला पिकवणाऱ्या बायकांना प्रशिक्षण आणि बियाणं मिळवून देतो. कोणती बाई, कोणतं गाव, कोणता फोन, शेवटचं बोलणं काय झालं, हे सगळं संगणकात असतं. त्या प्रणालीला सीआरएम म्हणतात. ती सांभाळायला एकच पद निघालं होतं. सात वर्षं ती मीच सांभाळत होते. माझा हुद्दा मदतनीस.

"अनुभव दाखवा," मॅडम म्हणाल्या.

"हे समदं मीच भरलं मॅडम. जानेफळची यादी पाहा. चार जावा, घरात फोन एकच. मी चौघींच्या नोंदी वेगळ्या ठेवल्या."

"समदं!" मॅडम शेजारच्यांकडे पाहून हसल्या. मग लॅपटॉप माझ्याकडे वळवला. प्रत्येक नोंदीखाली, नोंद करणाऱ्याच्या जागी, सरांचं नाव. एकूण एक.

"तुमच्या नावावर तर काहीच नाही, ताई."

खरं होतं. पहिल्या दिवशी सर म्हणाले होते, "वेगळं लॉगिन कशाला? माझंच वापरा." मी वापरलं. आता मी सरांकडे पाहिलं. त्यांचं एक वाक्य पुरलं असतं. सर खिडकीबाहेर बघत राहिले.

मला याद्यांची सवय आहे. सिलिंडर कधी लावला, भिशी कोणाची, लग्नात कोणाला बोलवायचं राहिलं. हजारो बायकांची नावं लिहिली, आडनाव चुकू दिलं नाही. माझंच नाव राहून गेलं. नाही, राहून नाही गेलं. त्यांनी लिहू दिलं नाही आणि मी मागितलं नाही. दोन्ही लिहून ठेवते.

पद त्या पोरीला मिळालं. पोरगी वाईट नव्हती, प्रमाणपत्र होतं. पहिल्याच आठवड्यात तिनं सारखा फोन नंबर असलेल्या नोंदी दुबार समजून एकत्र केल्या. तिला वाटलं, एक नंबर म्हणजे एक माणूस. जानेफळच्या चार जावांची एक बाई झाली. प्रशिक्षणाचं बोलावणं एकीच्याच नावानं गेलं.

थोरलीचा मला फोन. "काऊन हो ताई, आमचं नाव कापलं? आमी काय मेलो?"

दुपारी सर आले. पहिल्यांदाच मला खुर्ची ओढून दिली. "ताई, तेवढं निस्तरा. तिलाही शिकवा. लॉगिन माझंच घ्या."

बोटं शिवशिवली. चौघींची नावं मला पाठ. दहा मिनिटांचं काम. मी खुर्चीत बसले नाही.

"सर, सात वर्षांचं काम तुमच्या नावावर हाये. ज्याचा अनुभव त्यानंच शिकवावं."

"अहो, बायकांचं नुकसान होईल!"

"हाव, होईल. म्हून आजच लिहून द्या. माझ्या नावाचं लॉगिन, माझ्या कामाचा हुद्दा, अन् सात वर्षं हे कोणं केलं ते. खाली तुमची सही."

"विचार करतो," सर म्हणाले. अजून करताहेत. नोंदी तशाच आहेत. मला झोप नाही. पण त्या लॉगिनला मी बोट लावलेलं नाही. कपही उचलत नाही. ज्यानं प्यायला, त्यानं धुवावा.

सोमवारी सकाळची जानेफळची एसटी धरणार आहे. त्या चौघींना सगळं सांगणार. त्यांची नावं कशी गेली, आणि मी ती परत का घातली नाहीत, हेही. शिव्या दिल्या तर ऐकेन. मग चौघींना घेऊन थेट सरांच्या टेबलापुढे.

पाच खुर्च्या लागतील. त्या मी मांडणार नाही.