तुपाचं बोट

सापगावात अनिताच्या रागाला लोक टरकून असतात, आणि त्यात लोकांचं काही चुकतं असंही नाही. ती उंबरमाळीकडची. लग्न होऊन आली तेव्हा नळावर रांग मोडून घुसलेल्या एका बाईची भरलेली कळशी तिने उचलली आणि एक शब्द न बोलता रांगेच्या शेवटाला नेऊन ठेवली. नव्या नवरीने! तेव्हापासून वाल्मिकची बायको म्हटलं की माणसं जरा सांभाळूनच बोलतात. पण गेली काही वर्षं तिच्या डोक्यात जो राग ठाण मांडून बसला होता तो पाण्याचा नव्हता, दुधाचा होता.

वाल्मिकचं घर म्हशींचं. गोठा काही फार मोठा नाही, पण शहापुरातल्या बऱ्याच घरांचा सकाळचा चहा त्याच गोठ्यातल्या दुधावर होतो. वाल्मिक मोटारसायकलला कॅन लावून दूध घालून येतो एवढंच. गोठा चालवते त्याची आई, गोजर. धार काढायची ती तिनेच. चांदी नावाची थोरली म्हैस तर दुसऱ्या कुणाचा हात सडाला लागला की लाथ झाडते, आणि गोजर ही गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगते. दूध विरजायचं, ताक घुसळायचं, लोणी कढवायचं, यातच त्या बाईचा जन्म गेला. आणि नेमकी अशा घरात मनस्वी जन्माला आली, जिला दुधाचा थेंब चालत नाही.

वरचं दूध सुरू केलं आणि पोरीच्या अंगावर गांधी उठायला लागल्या. ओठ सुजायचे, डोळे मिटून जायचे. आता अशा वेळी घरच्यांनी काय करावं? दवाखाना गाठावा. ते राहिलं बाजूला. कुणी म्हणालं दृष्ट लागली, कुणी म्हणालं कुळाचं काहीतरी राहिलंय, आणि शेजारची लहानी, जिची जीभ कधी टाळ्याला लागत नाही, ती म्हणाली, "आईच एवढी तापट, तिचं दूध बाधलं असंल पोरीला." हे अनिताच्या कानावर आलं तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण पोर कडेवर तडफडत होती, भांडायला वेळ कुठे होता? तिने सरळ कल्याणची वाट धरली. तिथल्या डॉक्टरने सांगितलं की ही दुधाची ॲलर्जी आहे, अंडंही चालणार नाही, आणि एखादे वेळी जिवावर बेतेल.

त्या दिवसापासून मनस्वीचं ताट अनिता स्वतः वाढते. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. बाहेर कुणी पोरीच्या हातावर काही ठेवलं की पोरीने ते आईकडे आणायचं, नाकाशी धरायचं आणि विचारायचं, "आई, खाऊ?" अनिता वास घेते. दुधाचा, लोण्याचा, मलईचा वास तिला असा कळतो की काय सांगावं. जन्म म्हशीवाल्यांच्या घरात चाललाय तिचा. मग ती हो म्हणते नाहीतर नाही म्हणते, आणि पोर ऐकते. एवढीशी पोर, पण एकदाही हट्ट केला नाही तिने. अनिताला त्याचंच जास्त वाईट वाटायचं.

हे सगळं एक वेळ चाललं असतं. पण गावात आता वाढदिवस सुरू झालेत. पूर्वी कोण करत होतं वाढदिवस? आता प्रत्येक पोराला केक लागतो, शहापूरच्या बेकरीतून खोका येतो, वर मलईची फुलं. लहानीच्या पोरीच्या वाढदिवसाला सगळी पोरं केक खात होती आणि मनस्वी दारातल्या पायरीवर बसली होती, हातात वेफर्सची पुडी. लहानी आतून म्हणाली होती, "तिला बाय दुसरं काहीतरी द्या." हे 'दुसरं काहीतरी' अनिताने इतक्या घरी ऐकलं की तो शब्द कुणी उच्चारला तरी तिचे दात आपोआप आवळले जायचे. पुढच्या वर्षी तर बोलावणंच आलं नाही. काही झालं तर आपल्यावर यायचं, असं म्हणून लोकांनी पोरीला वगळलं. आणि पोरं तर पोरंच. गल्लीत खेळताना ती एकमेकांना सांगू लागली की मनस्वीला शिवायचं नाही, सूज येते.

यंदा मे महिन्यात मनस्वीचा वाढदिवस जवळ आला, तशी पोर म्हणाली, "आई, माझा वाढदिवस नको करू."

"का गो?"

"कोण येणार नाय. आणि केक मला चालत नाय."

अनिताने मुरबाडला दिलेल्या बहिणीला, संगीताला, फोन लावला. संगीताने तिथे बचत गटात केक शिकून घेतला होता. दूध नाही, अंडं नाही, लोणी नाही, असा केक होतो का, एवढंच अनिताने विचारलं. संगीता हसली. म्हणाली, अगं, तो तर सगळ्यात सोपा. मैदा, कोको पावडर, पिठीसाखर, खायचा सोडा चाळून घे. अंड्याच्या जागी पिकलेलं केळं कुस्कर. दुधाच्या जागी पाणी, लोण्याच्या जागी तेल. शेवटी लिंबू पिळ, सोडा फुलतो. ओव्हन लागत नाही, मोठ्या टोपात वाळू तापव, वर डबा ठेव आणि झाकण घाल. झाला केक.

फोन ठेवला आणि अनिताला खरा राग आला तो तेव्हा. एवढं सोपं? केळं, तेल आणि पाणी? एवढ्यासाठी माझी पोर लोकांच्या पायरीवर बसली? डॉक्टरला विचारलं असतं, संगीताला आधी विचारलं असतं, कुणालाही विचारलं असतं तर झालं असतं. इतक्या बायका इतके केक कापत होत्या, एकीच्याही डोक्यात आलं नाही. आणि माझ्या? माझ्याही नाही. त्या रागात तिने ओट्यावरची सगळी भांडी उगाचच पुन्हा घासून काढली.

वाढदिवसाच्या दिवशी सकाळी ती घरोघर गेली. आमंत्रण कसलं, दमच दिला म्हणा ना. "संध्याकाळी पोरांना घेऊन यायचं. मनस्वीचा केक हाय. तिला चालतो तो तुमालाबी चालंल." लहानीच्या दारात ती जरा जास्तच मोठ्याने बोलली.

दुपार कलल्यावर तिने केकचं मांडलं. गोजर चुलीपाशी पाय पसरून बघत होती. तिला हा सगळा प्रकारच पटलेला नव्हता. घरात दुधाचे हंडे भरलेले, आणि नातीच्या वाढदिवसाला पाण्यातला केक? "लोक काय म्हणतील गो," ती दोन-तीनदा पुटपुटली. अनिताने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. केळी कुस्करली, पीठ कालवलं, डब्याला तेल लावून वर मैदा भुरभुरला. तेवढ्यात गल्लीत करवंदवाली ओरडली. केकवर घालायला आंबा होता, रायवळचा गोड, पण करवंदं मनस्वीला फार आवडतात म्हणून अनिता वाटी घेऊन बाहेर गेली. परत आली, पीठ डब्यात ओतलं, डबा टोपात ठेवला.

संध्याकाळी अंगणात पोरं जमली. आली बरं सगळी! काही उत्सुकतेने, काही अनिताच्या भीतीने. लहानीही पोरीला घेऊन आली. केक छान फुगला होता, काळाभोर. अनिताने तो ताटात उलटा केला, वर आंब्याच्या फोडी आणि करवंदं मांडली, आणि कडेचा एक सुटा तुकडा मनस्वीला दिला. "घे, चाखून बघ. आज विचारायचं नाय."

पण सवय ती सवय. पोरीने तुकडा आईच्या नाकाशी धरला. "आई, खाऊ?"

अनिता हसली, आणि हसता हसता तिने वास घेतला. कोको, केळं, आणि त्याच्या खाली काहीतरी. तिने तुकडा पोरीच्या हातातून घेतला. पुन्हा वास घेतला. तूप. घरचं, कढवलेलं, या घरातल्या प्रत्येक कपड्याला आणि उशीला येतो तोच वास.

"डब्याला कोणी हात लावला?" ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता.

"मी लावला," गोजर म्हणाली, आणि म्हणाली तीही जरा तोऱ्यातच. "शुभाच्या कामाला भांड्याला तुपाचं बोट लावायचं असतं. आपल्या घरात कुठला गोडाचा टोप कोरडा चढलाय का आजपर्यंत?"

"तुमाला किती वेळा सांगितलं, दुधाचं काय द्यायचं नाय!"

"मग मी दूध कुठं दिलं?" गोजरचाही आवाज चढला. "दूध विरजलं, दही घुसळलं, ताक गेलं, लोणी कढवलं, बेरी काढली. त्याच्यात दुधाचं काय उरलं गो? तूप तर आजाऱ्यालाबी चालतं."

आणि ती खरंच तसं मानत होती, हेच तर! त्या बाईच्या हिशेबात दूध गेलं ते केव्हाच गेलं होतं. जे उरलं ते देवाच्या निरांजनात घालायचं. तिच्या जन्मभराच्या कामाने तिला हेच शिकवलं होतं. अनिताला हे समजत नव्हतं असं नाही. पण पोर तुकडा तोंडात घालणार होती. नाकाशी धरला नसता तर?

तिने ताट उचललं, गोठ्यात गेली आणि अख्खा केक आंब्या-करवंदांसकट चांदीच्या टोपलीत उलटा केला. म्हशीने मान खाली घातली आणि मजेत खायला लागली.

पोरांपैकी कुणीतरी हळहळलं. आणि लहानीने तोंड उघडलंच. "अगं, टाकायचा कशाला? आमी खाल्ला असता. मनस्वीला दुसरं काहीतरी देयाचं."

अनिता वळली. "दुसरं काहीतरी," ती म्हणाली. "माझ्या पोरीने तुमच्या पायऱ्यांवर बसून दुसरं काहीतरी खाल्लं ना इतकी वर्षं? पायरीवर बसवून तुमी आत मलई चाटत होता. आणि वर पोरांना शिकवलं की तिला शिवू नका. आज तिच्या दारात तिला सोडून कुणी घास खाणार नाय. केक पुन्हा होईल. पाणी आणि केळ्याचा केक हाय, त्याला काय लागतं? थांबायचं त्यांनी थांबा, जायचं त्यांनी जा."

लहानीचं तोंड एवढंसं झालं. पण ती गेली नाही. कुणीच गेलं नाही.

गोजर मात्र उठून मागच्या दाराने निघून गेली. अनिताने तिच्याकडे बघितलंही नाही. मनात म्हणाली, रुसू दे, आज मला कुणाची मनधरणी करायची नाही. भाताच्या कुकरचा डबा काढला, ज्याला तूप माहीत नव्हतं. तो घासला, उकळत्या पाण्याने धुतला, पुन्हा केळी कुस्करली, पुन्हा पीठ चाळलं. या वेळी डब्यापासून हललीच नाही. अंगणातली पोरं आत येऊन बसली आणि तिचे हात बघत राहिली. मनस्वीने लिंबू पिळलं, तेव्हा पीठ फसफसलं, आणि लहानीच्या पोरीने पुढे होऊन विचारलं, "मी हलवू?" मनस्वीने चमचा तिच्या हातात दिला.

टोप चढला तेव्हा धारेची वेळ झाली होती. म्हशी हंबरू लागल्या. वाल्मिकने दोनदा हाक मारली, "आई, धार." शेवटी तो स्वतः बादली घेऊन बसला. चांदीने लाथ मारली, बादली आडवी झाली, दूध सगळं शेणात. एरवी असं झालं असतं तर गोजरने गाव डोक्यावर घेतलं असतं. आज ती मागच्या मोरीवर बसून होती आणि उठली नाही. अनिताला वाटलं, रागाने बसलीय.

केक झाला. वाटीत उरलेली करवंदं वर मांडली, मेणबत्ती लावली, मनस्वीने सुरी धरली, पोरांनी टाळ्या वाजवल्या. पहिला घास घरातल्या थोरल्याने भरवायचा असतो, म्हणून सगळे गोजरला शोधू लागले. ती मागून आली. दारात थांबली. पुढे आलीच नाही, नुसते दोन्ही हात उलटसुलट करून अनितासमोर धरले. बोटं पाण्याने सुरकुतली होती, नखांच्या कडा घासून लाल झाल्या होत्या.

"धार नाय काढली मी," ती म्हणाली. "राखेने धुतले. मग साबणाने. बघ तू."

सासूचे हात. ज्या हातांनी अनिताला या घरात उंबऱ्यावरून आत घेतलं होतं. सगळी गल्ली बघत होती. आणि अनिता काही मऊ पडली नव्हती. तिने ते दोन्ही हात धरले, नाकाशी नेले, आणि पोरीच्या घासाचा घेते तसा नीट, सावकाश वास घेतला. राख होती. साबण होता. बाकी काही नव्हतं.

"भरवा," ती म्हणाली.

गोजरने केकचा तुकडा उचलला. त्यावरचं एक करवंद घरंगळून खाली पडलं. मनस्वीने आ केला, आणि आईकडे न बघता, काही न विचारता, तो घास खाल्ला. गोठ्यात चांदी अजून ओरडत होती.