मावशीचा रिकामा दिवस

पारबतामावशी धानाच्या बांधीत कधी सरळ उतरली नाही. आम्ही चौदा जणी लुगडी खोचून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभ्या असायचो. पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या चिखलात फेकून झालेल्या असायच्या. आणि मावशी बांधीला वळसा घालून पलीकडच्या टोकाला जाऊन उभी राहायची. तिथून हात वर करून ओरडायची, "हे पाहा वं, अठी संपते!" मगच आम्ही वाकायचो.

धान रोवताना बाई मागे मागे सरकते. रोवलेले समोर दिसते, राहिलेले पाठीमागे असते. वाकलेल्या बाईला किती राहिले ते कळत नाही, म्हणून जीव घाबरा होतो, हात उगाच पळतात आणि रोप उथळ लागते. मावशी म्हणायची, "सुरू कराले कोणालेबी येते. संपते कोठी, थे आंधी पाहून ये. मंग वाक."

लाखांदूरजवळच्या आमच्या गावात रोवणीच्या बायांची टोळी ती चालवायची. अंगाने काडीसारखी, साठीच्या पुढची, पण तिला बसलेली मी क्वचितच पाहिली. चहा उभ्यानेच प्यायची. बोलता बोलता मध्येच उठून दारापर्यंत जाऊन यायची, आभाळ पाहायची, पुन्हा बोलणे जिथे सोडले तिथून धरायची. शाळा तिने पाहिली नव्हती. मी चवथी शिकलेली, म्हणून टोळीची वही माझ्याकडे आली. मला चार माणसांत बोलता येत नाही. मावशीला ते माहीत होते. "तुले बोलाले कोण सांगून राहिलं? तू लिव," म्हणाली.

रोवणीच्या आधी ती माझ्या ओट्यावर चिंचोके मांडायची. एक चिंचोका म्हणजे एक दिवस. नऊ शेतकऱ्यांचे रोवणे घेतलेले असायचे. ती शेवटच्या दिवसाचा चिंचोका आधी ठेवायची. आमच्या बाजूचे तलावाचे पाणी ज्या दिवशी बंद होऊन पुढच्या गावाला जाणार, तो दिवस. मग एकेक चिंचोका मागे मागे ठेवत विचारायची, "रोवण्याच्या आंधी काय?"

"चिखल."

"चिखलाच्या आंधी?"

"पाणी. आन् ट्रॅक्टर."

"पऱ्हे कवाचे पायजे?"

असे उलटे जात जात ती पेरणीच्या दिवसापर्यंत पोचायची. ट्रॅक्टरवाल्याला कोण सांगणार, पऱ्हे कोण उपटणार, प्रत्येकापुढे एक नाव लिहायला लावायची. "दोन नावं लिवू नको. दोघांचं काम कोणाचंच नसते." आणि सगळे झाल्यावर एक चिंचोका उरायचा. तो ती शेवटच्या दिवसाच्या अलीकडे ठेवायची. त्याच्यापुढे मी काहीच लिहायचे नाही.

आमच्यातली शेवंता तोंडाची फटकळ. ती दर वर्षी विचारायची, "मावशी, हा दिवस कोणाचा वं? तुह्या माहेरचा का?"

"कोणाचा नाही. ज्याले लागन त्याचा."

"मंग मलेच दे. झोपतो मी दिवसभर."

"तू त बांधीतबी झोपतेस."

तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात लाखांदूरला बचत गटाच्या बायांसाठी दोन दिवसांचे प्रशिक्षण होते. मावशी मला ओढून घेऊन गेली. सभागृहात कापडी फलक होता. मी हळूहळू वाचला, "प्रकल्प व्यवस्थापनाची मूलतत्त्वे." मावशीने विचारले, "काय लिवलं आहे?" मी म्हटले, "मोठं काम कसं पार पाडाचं, थे शिकवणार आहेत." ती मागच्या रांगेत बसली आणि लगेच पायाने जमीन ठोकू लागली.

शिकवणारी मॅडम तरुण होती, समजावून सांगणारी होती. तिने फळ्यावर चौकोन काढले. आधी ध्येय, मग कामे, कामांचा क्रम, प्रत्येक कामाला लागणारा वेळ, जबाबदार माणूस. बाणांनी चौकोन जोडले. मी भराभर उतरवून घेत होते. मावशी माझ्या कानात म्हणाली, "हे त रोवणाच आहे वं." आणि पुढच्या क्षणी उभी राहिली.

"मॅडम, यात आजारी पडाचा खाना कोठी आहे?"

सभागृह हसले. मॅडमही हसली, पण मग फळ्याकडे वळली. तिने शेवटच्या चौकोनाच्या अलीकडे एक रिकामा चौकोन काढला आणि विचारले, "आजी, तुम्ही किती मोठा ठेवता?"

"एक दिवस. जास्त ठेवला त बाया आळशी होतेत, नाही ठेवला त मरतेत."

परतताना एसटीत ती खिडकीशी बसली होती, तरी दर थांब्याला अर्धी उठायची. मी तिला वही दाखवली, बाण दाखवले. ती म्हणाली, "चांगलं आहे. चिंचोके पायानं उडतेत. बाण नाही उडत."

त्याच वर्षी माझ्या हातून चूक झाली. एका शेतकऱ्याचे पऱ्हे उशिरा पेरलेले होते. रोवण्याच्या दोन दिवस आधी मी त्या वाटेने जाताना पाहिले होते, बोटभर उंचीचे, हिरवे पण कोवळे. उपटायला अजून आठवडा होता. पण मावशीला सांगितले तर ती मलाच विचारायला पाठवणार, त्याच्या घरी जावे लागणार, चार माणसांत बोलावे लागणार. मी वहीत पाहिले, तारीख बरोबर होती, आणि गप्प राहिले. ठरल्या दिवशी आम्ही चौदा जणी धुऱ्यावर. ट्रॅक्टरने चिखल करून ठेवलेला. पऱ्हे नाहीत. चिखल तसाच बसला की घट्ट होतो, पुन्हा करावा लागतो. देवाजीभाऊ शेजारच्या बांधीत होते. त्यांचे रोवणेही आमच्याकडेच असायचे. ते सर्वांना ऐकू जाईल असे बोलले, "पुढच्या साली रोवाची मशीनच आणतो गा. मशीनचे पऱ्हे ट्रेमधी तयार असतेत, आन् मशीन विचाराले लाजत नाही."

मावशी माझ्यावर ओरडली नाही. बाजूला घेऊन विचारले, "तुले कवा माहीत झालं?"

"परवा."

"परवा सांगतली असती त आज दुसऱ्याच्या बांधीत रोवत असतो." मग खाली वाकून तिने चिखलात हात घातला, घट्ट झाला का ते पाहिले. "उशीर झाला त सांगाचा, मंदा. लपवलेला उशीर पिल्लं घालते." त्या वर्षी रिकामा दिवस माझ्या चुकीला लागला. आणि दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी सगळ्या शेतकऱ्यांना फोन करून उद्याचे काम विचारायचे, हे काम मावशीने वहीत माझ्या नावापुढे लिहायला लावले. पहिल्या दिवशी मी फोन दोनदा लावला आणि दोनदा कापला. मावशी समोर येरझारा घालत होती.

गेल्या वर्षी रोवणी अर्ध्यावर असताना मावशीच्या छातीत दुखू लागले. तिला भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेले. जाताना जीपमधून ती म्हणाली, "वही तुह्याजवळ आहे ना?" बस, एवढेच.

टोळी माझ्यावर आली. मला सकाळी भाकर गिळवत नसे. बांधीत वाकले की धुऱ्यावर कोण आले, कोण बोलत आहे, याच्याकडे कान. चिखलात हात, डोक्यात वही. देवाजीभाऊंची खालची मोठी बांधी सर्वांत शेवटी होती. पाणी बंद व्हायला चार दिवस राहिले असताना ते माझ्या ओट्यावर आले.

"मंदावयनी, तुमच्या वहीत एक दिवस रिकामा आहे म्हणते. माही वरची टेकराची बांधी करून टाका त्यात."

मी मान खाली घालून उभी. "नाही होत, भाऊ."

"काहून नाही होत? म्हातारी दवाखान्यात, दिवस वहीत. तुमी काय त्याचं लोणचं घालता?"

"थो दिवस कोणाचा नाही. ज्याले लागन त्याचा."

"मलेच त लागून राहिला!"

"तुमाले पायजे आहे, भाऊ. अजून कोणाले लागला नाही."

हे मी बोलले यावर माझाच विश्वास बसेना. देवाजीभाऊ तडक निघाले. जाताना म्हणाले, "पाणी बंद व्हाच्या आंधी माही खालची बांधी राहिली ना, त पुढच्या साली तुमच्या टोळीचं तोंड नाही पाहीन." ते नुसते भीती दाखवायला बोलत नव्हते. ते मशीनकडे वळले तर बाकीचे आठही वळणार, हे आम्हा चौदा जणींना माहीत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी काम शेवंताकडे सोपवून मी एसटीने भंडाऱ्याला गेले. मावशी पलंगावर पडून होती, पण पाय चादरीखाली हलत होते. तिने विचारले, "कोणाची झाली?" मी सांगितले. "दिवस आहे ना?" आहे म्हटले. "देवाजीले देल्ला त नाही?" नाही म्हटले. तिने डोळे मिटले आणि हसली. "आला असन थो. दर साली येते."

त्यानंतरच्या सकाळी आम्ही देवाजीभाऊंच्या धुऱ्यावर उभ्या होतो. आदल्या दिवशी चिखल झालेला, पेंढ्या फेकलेल्या. तेव्हा फोन आला. मावशी गेली. गाडी दुपारपर्यंत गावात येणार होती.

गावात मयत असली की माती होईपर्यंत कोणी शेतात हात घालत नाही. बाया रडत होत्या आणि रडता रडता माझ्याकडे पाहत होत्या. मी फोन काढला. वहीत ज्यांची नावे उरली होती त्या एकेकाला सांगितले की शेवटचे रोवणे एक दिवस पुढे गेले आहे. चिखल घट्ट झाला तर उद्या लागशील, असे ट्रॅक्टरवाल्याला सांगितले. मग धुऱ्यावर उभ्या देवाजीभाऊंपाशी गेले. "भाऊ, दिवस लागला. आज मावशीचा. चिखल उद्यापर्यंत राहाले पायजे."

 त्यांनी डोक्यावरचा दुपट्टा काढून खांद्यावर घेतला. "पाणी धरून ठेवतो मी. बसू नाही देत त्याले. जा, वयनी." त्या दुपारी तिरडीला पुढचा खांदा त्यांचा होता.

दुसऱ्या दिवशी शेवटची बांधी. पाणी उद्या उजाडताच बंद होणार होते. सगळ्या खोचून उभ्या राहिल्या, आणि कोणीच वाकेना. मला वाटले दमल्या आहेत. मग लक्षात आले. मी वळसा घालून पलीकडच्या टोकाला गेले. तिथून सगळ्या लहान लहान दिसत होत्या. हात वर केला, पण ओरडायचे राहिले.

"मंदे, आवाज दे वं!" शेवंता तिकडून ओरडली. "संपते कोठी?"

"अठी!" मी ओरडले. "अठी संपते!"

एकदम चौदा नाही, तेरा पाठी वाकल्या. मीही धावत जाऊन त्यांच्यात वाकले. पाणी बंद व्हायच्या आधी आमच्या टाचा पलीकडच्या धुऱ्याला लागल्या.

यंदाही नऊ शेतकरी आहेत, देवाजीभाऊंसकट. वहीचे पान भरले आहे. बाण काढले आहेत, प्रत्येक कामापुढे एकच नाव आहे. शेवटच्या दिवसाच्या अलीकडचा खाना रिकामा आहे. मी पाणी प्यायला उठते, दारापर्यंत जाते, परत येऊन वही उघडते, आणि नजर त्याच खान्यावर जाते. मग मी नकळत एकेकीचे तोंड आठवून बाया मोजू लागते.