काकीचा येरवड्याचा भाचा

माझ्या माले गावच्या काकीइतकी माहेरवेडी बाई उभ्या महाराष्ट्रात दुसरी झाली नसेल, आणि गंमत अशी की तिला माहेरच नव्हतं. म्हणजे होतं, पण मुळशीच्या धरणाच्या पाण्याखाली होतं. ती लहान वयात लग्न होऊन आमच्या घरात आली आणि थोड्याच वर्षांत धरणाचं पाणी चढत चढत तिच्या धामणवाडीच्या वेशीतून आत शिरलं. गाव उठलं. कुणी मुंबईला गिरणीत गेलं, कुणी घाट उतरून कोकणात गेलं. आईबाप ठिकठिकाणी फिरून वारले. भाऊ तिला मुळातच नव्हता. दुसरी एखादी चार दिवस रडली असती आणि सासरच्या गोतावळ्यात विसरून गेली असती. काकी रडली की नाही ते मला ठाऊक नाही, कारण तेव्हा माझा जन्म नव्हता. पण विसरली मात्र नाही. आमच्याकडचा भात चांगला शिजला तर तो धामणवाडीच्या भाताच्या थोडा जवळ आलेला असे, आणि बिघडला तर "माल्याच्या पाण्याला चवच न्हाई" असा निकाल लागे. धामणवाडीच्या म्हशी लाथ मारत नसत. धामणवाडीचं ऊनसुद्धा म्हणे अंगाला लागत नसे. काका भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणायचा, "तुज्या गावात पाऊस पन कोरडाच पडत असंल," आणि काकी त्याच्याकडे अशी बघायची की पुढची भाकरी मागायची त्याची छाती होत नसे.

अनोळखी माणूस दिसला की काकीचा पहिला प्रश्न ठरलेला: "पावनं, मूळ गाव कुटलं?" त्यात लहानमोठा, सरकारी-बिनसरकारी असा भेद नव्हता. देवी टोचायला आलेल्या सरकारी माणसापुढे तिनं दंड उघडा केला आणि विचारलं. तो म्हणाला, सातारा. काकीनं दंड झाकून घेतला आणि आत निघून गेली. त्या बिचाऱ्याला तिला शोधत चुलीपर्यंत जावं लागलं. पौडच्या एसटीच्या एका कंडक्टरनं भोळेपणानं सांगितलं की आपली आजी मुळशीकडच्या कुठल्याशा बुडालेल्या गावची. झालं! गाडी उभी, ड्रायव्हर भोंगा वाजवतोय, आणि काकी पाठीमागच्या बाकावर त्याच्या आजीच्या माहेरचा छडा लावतेय. आजी धामणवाडीची निघाली नाही. तरी काकीनं "शेजारच्याच शिवारातली की!" म्हणून आपल्या शिदोरीतली पिठलं-भाकरी त्याला खायला लावली, आणि गाडी चालू झाल्यावर त्यानं ती निमूटपणे खाल्ली.

दिवाळी आली की आमच्या आळीतल्या बायकांना न्यायला त्यांचे भाऊ येत. काकीला न्यायला कोण येणार? ती एकटीच जाई. ठेवणीतलं लुगडं नेसून, गाठोडं काखेला मारून सकाळच्या गाडीनं धरणाकडे जायची, काठावर एका ठरावीक दगडावर बसायची, पाण्याकडे बघत भाकरी खायची आणि दिवस कलायच्या आत परत यायची. आल्यावर माहेराहून आलेल्या बाईसारखीच कुरकुर करायची. "कसं हाय म्हायेर?" काका विचारायचा. "बरं हाय. पर भावजयीनं साधं बस म्हनलं न्हाई." भाऊ नसलेल्या बाईची भावजय इतकी खाष्ट कशी, हे कोडं काकाला जन्मभर सुटलं नाही. आम्ही सगळे हसायचो. तीही हसायची, पण त्या रात्री ती फारशी जेवत नसे, हे आईनं मला पुढं सांगितलं.

स्वातंत्र्य मिळून दहाएक वर्षं झाली असतील, तेव्हा आमच्या भागात वाटमारीनं उच्छाद मांडला होता. तोंडाला फडकी बांधलेले तिघे कुठंतरी आडवाटेला उभे राहत आणि आधी मारत, मग मागत. एका गाडीवानाचं डोकं फोडलं. पौडच्या बाजारात कापड विकणारे मुलाणी चाचा, ज्यांच्याकडून अर्धी मुळशी लग्नाचा बस्ता बांधायची, त्यांना तर माले ओलांडताच गाठलं. कापडाचा गठ्ठा नेला आणि वर कुऱ्हाडीच्या दांड्यानं डावा हात असा मोडला की तो पुढं कधी सरळ झाला नाही. लोक संध्याकाळ व्हायच्या आत घर गाठू लागले. काका-काकी मात्र कोळवणला लेकीकडे गेले होते, आणि निघताना काकीनं जावयाच्या आजीला तिचं मूळ गाव विचारल्यामुळे त्यांना उशीर झाला. दिवस मावळता मावळता बैलगाडी ओढ्याच्या उतारावर आली आणि तिघे आडवे झाले. एकानं काहीही न विचारता काकाच्या खांद्यावर काठी घातली. काका गाडीतच आडवा झाला. तो काठीवाला मग काकीला म्हणाला, "डोरलं काढ, म्हातारे."

इथं कुठलीही बाई किंचाळली असती. काकीच्या कानाला वेगळंच काही लागलं. त्या "म्हातारे"मध्ये धामणवाडीचा हेल होता, असं ती शेवटपर्यंत सांगायची. डोरल्यावर हात ठेवून तिनं विचारलं, "देते. पर पावनं, मूळ गाव कुटलं?"

आता दरोडेखोरानं असल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसतं. पण तोही बहुधा जन्मात पहिल्यांदाच असं कुणी विचारल्यामुळे गांगरला, आणि बोलून गेला, "धामनवाडी."

"कुनाचा तू?"

"सुताराचा नातू."

"आरं माज्या सोन्या!" म्हणून काकी गाडीतून खाली उतरली. "मी चावडीम्होरल्या घरातली. तुजी आत्या लागते मी!"

आमच्याकडे गावची लेक ती सबंध गावाची लेक. त्या गावचा पुरुष तिला कुठंही भेटला तरी रिकाम्या ओटीनं पाठवत नाही. निदान चोळीचा खण तरी द्यावाच लागतो. त्या गड्यानं काठी खाली टाकली, वाकून काकीच्या पायांवर डोकं ठेवलं, काकाला उचलून नीट बसवलं आणि झुडपामागच्या गठ्ठ्यातून एक खण काढून तिच्या ओटीत घातला. बाकीचे दोघे तोंडावरची फडकी सांभाळत बघत राहिले. दुखऱ्या खांद्यानं काका घरी आला तो कण्हत, आणि काकी आली ती गात.

तीसएक वर्षांनी माहेरची चोळी आली होती. ती काय पेटीत ठेवायची? काकीनं ती शिवून घेतली आणि पौडच्या बाजाराला घालून गेली. मुलाणी चाचा मोडका हात गळ्यात बांधून दुकानात बसले होते. त्यांनी चोळीकडे बघितलं, पुन्हा बघितलं. "काकी, हा खण कुठून घेतला?"

"घेतला न्हाई, चाचा. म्हायेरचा हाय. सुताराच्या नातवानं दिला. भाचा लागतो माजा."

खणाचा तो काठ चाचांनी स्वतः निवडून आणलेला होता. ते उठून पोलीस चौकीत गेले, आणि धामणवाडीच्या सुताराचा नातू कोण, हे काढायला पोलिसांना फार कष्ट पडले नाहीत. काकीला कळलं तेव्हा ती चाचांच्या दुकानासमोर जाऊन बसली. एकदा त्यांच्या हाताकडे बघायची, एकदा स्वतःच्या चोळीकडे. "तुमचं काय चुकलं न्हाई," एवढंच म्हणाली, घरी जाऊन चोळी बदलली आणि ती त्यांच्या पुढ्यात आणून ठेवली. चाचांनी ती घेतली नाही.

पुण्याच्या कोर्टात खटला चालला. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होतो, म्हणून काकीला न्यायचं-आणायचं काम माझ्याकडे आलं. साक्षीच्या पिंजऱ्यात ती अशी उभी राहिली, जणू लग्नघरी आहेर करायला आली आहे. वकिलांनी विचारलं, "आरोपीला ओळखता का?"

"वळखत्ये म्हंजी? माजा भाचा हाय त्यो!"

कोर्ट हसलं. "यानं तुमच्या मालकांना काठीनं मारलं?"

काकीनं समोर बघितलं. कठड्यात तो उभा होता, मान खाली. दाढी वाढलेला, पस्तिशीचा, अंगानं दणकट गडी. मागच्या बाकावर चाचा बसले होते. सगळ्या जगात धामणवाडीचं म्हणून तिला सापडलेलं एकच माणूस, आणि ते तिच्याच तोंडानं आत जाणार होतं.

"मारलं," काकी म्हणाली. "खोटं कशाला बोलू? धामनवाडीची लेक हाय मी."

निकालाच्या दिवशी जज्जसाहेबांनी एकेक गुन्हा वाचून दाखवला: गाडीवान, चाचा, आणखी दोन वाटसरू, माझा काका. आरोपीनं माणसं निष्कारण जायबंदी केली, दया दाखवायला जागा नाही, असं म्हणून त्यांनी दहा वर्षांची सक्तमजुरी सुनावली. मग आरोपीला विचारलं, काही सांगायचं आहे का? त्याच्याऐवजी काकीच उभी राहिली. पट्टेवाला धावला, पण जज्जसाहेबांनी हातानं थांबवलं. "सायेब, शिक्शा बराबर हाय. चाचांचा हात मी डोळ्यानं बघत्ये. पर ह्याला लांब कुटं धाडू नगा. येरवड्यातच ठेवा. मला इष्टीनं जाता आलं पायजे."

ते आपल्या हाती नाही, असं साहेब म्हणाले. मात्र हसले नाहीत. कोणाच्या हाती होतं ते मला माहीत नाही, पण तो येरवड्यातच राहिला.

आणि काकीचं माहेरपण सुरू झालं. भेटीचा दिवस आला की ती लाडू बांधून हजर. लाडू दारावरच ठेवून घेत, म्हणून ते शिपायालाच द्यायची आणि जाळीपाशी बसायची. माझ्याकडे, काकाच्या खांद्याकडे, देशाच्या परिस्थितीकडे तिचं मुळीच लक्ष नसे. ती थेट धामणवाडीत शिरायची. वेशीतून डाव्या हाताला कुणाचं घर, त्यापुढं कुणाचा गोठा, कुणाच्या परड्यात पेरू, कुठल्या उंबऱ्याशी कुत्रं. तोही मोठा वस्ताद. "आत्या, हीर देवळाच्या मागं व्हती," म्हणायचा.

"मागं? डोळं फुटलं व्हतं का तुजं? म्होरं व्हती!"

"मागंच."

"म्होरं! त्या हिरीवर मी पानी भरलंय, मेल्या!" आवाज असा चढायचा की शिपाई धावत यायचा. उठण्यापूर्वी मात्र ती न चुकता सांगायची, "चाचांना आजून गज धरून कापड मोजता येत न्हाई. बायकू मोजून देती." तो मान खाली घालायचा. एकदा त्यानं विचारलं, "त्यांना सांगशील का, मी..." आणि पुढचं त्याला बोलता आलं नाही. काकीनं जाऊन तेवढंच सांगितलं. चाचा म्हणाले, "बाकीचं बाहेर आल्यावर त्यानं स्वतः येऊन सांगावं." परतीच्या वाटेवर काकीचा चेहरा असा खुललेला असायचा की समोरचा प्रवासी विचारायचा, कुठं गेला होता? ती सांगायची, "म्हायेरी."

त्याची शिक्षा संपायला थोडी वर्षं राहिली असताना काकी गेली. तापाचं निमित्त झालं. पुढच्या भेटीला मी एकटाच गेलो. त्यानं माझ्या शेजारची रिकामी जागा बघितली आणि त्याला कळलं. मग खाली बसून म्हणाला, "मास्तर, एक सांगतो." मी मास्तर नव्हतो, पण तो मला तसंच म्हणायचा. "गाव उठलं तवा मी आयेच्या कमरंवर व्हतो. मला काय आठवनार? नाव तेवढं म्हाईत व्हतं, आन् आजा सुतार व्हता एवढं."

"मग ती घरं, ती विहीर?"

"समदं आत्याचंच. ती सांगायची त्ये ध्येनात ठेवायचो."

"आणि भांडायचास कशाला?"

"हूं हूं म्हनलं की ती लवकर उठायची," तो म्हणाला. "भांडलं की बसायची."

मी एवढंच म्हणालो, की मी येत जाईन. आणि गेलो, तो सुटेपर्यंत. आधी उगाच इकडचं-तिकडचं बोलायचो, मग एका भेटीत त्यानं वेशीपासून सुरुवात केली आणि मी ऐकत राहिलो. आज तो माल्याच्या पलीकडे एका शेतावर राहतो. सुटल्याबरोबर पहिल्यांदा चाचांच्या दुकानात गेला होता. तिथं काय बोलणं झालं ते दोघांपैकी कुणी सांगत नाही. मी गावी गेलो की आम्ही बांधावर बसतो आणि धामणवाडीत हिंडून येतो, घरामागून घर, आळीमागून आळी, काकीच्या चावडीपुढल्या घरापर्यंत. त्या गावात डोळे बांधून वाट काढतील अशी आता आम्ही दोनच माणसं उरलो आहोत, आणि दोघांपैकी कुणीही ते कधी पाहिलेलं नाही. तरी मला त्या गावाची फार आठवण येते.