आक्काचा छातीचा फोटो

संगीताचा फोन आला तेव्हा वडूजच्या दवाखान्यात मी एका म्हाताऱ्या बाबांना एक्स-रेसाठी उभं करत होतो. "मामा, आई गेली," एवढंच भाची म्हणाली. मी बाबांना श्वास रोखायला सांगितलं, फोटो काढला, आणि मगच खाली बसलो... त्याला आता सात आठवडे झाले.

शालनआक्का माझी थोरली बहीण, कोरेगावला प्राथमिक शिक्षिका. तंबाखूला कधी हात न लावलेल्या या बाईला फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. सांगलीत केमो, रेडिएशन झालं, गाठ विरली. दर काही महिन्यांनी सीटी स्कॅन करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दोनदा ती गेली. तिसऱ्या वेळी माझ्याकडे आली. "सीटीच्या आधी शिरेत औषध सोडत्यात, त्यानं लय मळमळतंय रं. तूच काढ फोटो." मी काढला. निदान सांगायचं काम डॉक्टरांचं, तरी तिनं विचारल्यावर बोलून गेलो, "साफ हाय, आक्का." सांगलीची तारीख हुकली.

छातीच्या फोटोत पुढचं-मागचं सगळं एकाच सपाट चित्रात येतं. हृदयाच्या सावलीमागची बारकी गाठ झाकून जाते. सीटी छातीचे पातळ काप दाखवतो, तिथं ती सहसा लपत नाही. मला हे पंचवीस वर्षं माहीत होतं.

चार महिन्यांनी खोकला लागला, तेव्हा मीच तिला सांगलीला नेलं. सीटीत हृदयामागं डाग होता. रेडिएशनचा व्रण की पुन्हा उठलेली गाठ, ते ठरेना, म्हणून पेट स्कॅन केला. कॅन्सरच्या पेशी साखर जास्त ओढतात, म्हणून त्यात उजळतात. साधी सूजही उजळते, एवढीच आमची आशा. पण मणक्यातही एक जागा उजळली होती, आणि गाठीचा तुकडा काढून तपासल्यावर शंका उरली नाही.

परतताना मी म्हणालो, "आक्का, माझं चुकलं."

"तुझ्या मशीनला दिसलं तेवढंच तू सांगितलंस. गप बस आता." तो विषय तिनं पुन्हा काढला नाही.

आक्का गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला माणसं जमली, तेव्हा तिच्या गल्लीतल्या मंदाताई मला शोधत आल्या. त्यांच्यावरही याच आजाराचे उपचार झालेले. "मी फोटोवरच थांबणार होते. बाईंनी सोता आजारी असताना दोनदा सांगलीला नेलं मला. दुसऱ्या खेपेला बारकी गाठ घावली, वेळेत काढली." आक्का मला यातलं काहीच बोलली नव्हती.

मंदाताईंनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. आक्काच्या गोल अक्षरात पुढच्या तीन तपासण्यांच्या तारखा होत्या, आणि खाली एक ओळ : नुसत्या फोटोवर भागवू नये, कुणीही सांगितलं तरी.